१९९७ची मारुती ८०० आणि समुद्राची हवा : तळाचा पत्रा घरी किती दुरुस्त करावा आणि कुठे थांबावे?

खाडीकाठ (गुहागर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची काहीही तक्रार नाही आणि कागदपत्रे पूर्ण आहेत. घर किनाऱ्यालगत असल्यामुळे गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यात उभी असते. शिवाय कामासाठी दापोलीला वारंवार जावे लागत असल्याने ती धोपावे–दाभोळ फेरीबोटीने खाडी ओलांडते आणि ओहोटीच्या वेळी बोटीवर चढता-उतरताना चाके खाऱ्या पाण्यातून जातात.

यंदा पाऊस संपल्यावर चालकाच्या पायाखालची चटई उचलली, तेव्हा खालचे फेल्ट ओलेचिंब होते आणि स्क्रूड्रायव्हरने दाबले असता पत्रा आत जात होता. एका गॅरेजने वरून नवा पत्रा रिव्हेट मारून बसवण्याचा आणि खालून रबर कोटिंग करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या ठिकाणी गाडी भंगारात काढण्यास सांगण्यात आले. बंदरावर होड्यांचे फायबरचे काम करणारे एक परिचित आहेत, ते म्हणतात की रेझीन आणि फायबरचे दोन थर दिले तर पत्र्याची गरजच उरणार नाही.

ऑइल, प्लग, ब्रेक शू ही कामे मी स्वतः करतो. पान्यांचा संच, जॅक, ड्रिल मशीन आणि लहान ग्राइंडर घरी आहे, मात्र वेल्डिंगचा अनुभव नाही. ही गाडी मला आणखी बरीच वर्षे चालवायची आहे, त्यामुळे काम वरवरचे नको. या तीन सल्ल्यांपैकी कोणता ग्राह्य धरावा आणि घरी करण्याजोगे काम कोणते, हे जाणकारांनी सांगावे. अलीकडच्या पेट्रोलवर गाडी उचल घेताना अडखळते आणि हेडलाईटचा प्रकाश घाटात अपुरा पडतो. त्याबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

जांभ्याचा चिरा (रत्नागिरी)

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांचे तळ हाच त्या कामाचा मोठा भाग होता, म्हणून सविस्तर लिहितो.

मारुती ८००ला जुन्या महिंद्रा जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. जीपची बॉडी सडली तरी खालची चौकट भार घेते. आपल्या गाडीत मात्र तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरे आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे हाच सांगाडा आहे. म्हणून भोक किती मोठे आहे यापेक्षा ते कुठे आहे हे आधी पाहावे. सपाट पत्र्याच्या मधोमध तळहाताएवढे भोक असले तरी ते आटोक्यातले आहे. तेच उंबऱ्याच्या जोडावर, सीटच्या बोल्टांपाशी, सीटबेल्ट बांधलेला असतो त्या जागी, जॅक लावतात तिथे किंवा मागच्या शॉक ॲब्झॉर्बरच्या बैठकीजवळ असेल, तर त्याचा आकार रुपयाएवढा असला तरी ते घरी करण्याचे काम नव्हे.

तीनही सल्ल्यांत एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही, तो म्हणजे फेल्ट ओले झाले कशाने. फेरीबोटीचे पाणी पत्र्याला खालून लागते; फेल्ट ओले आहे, याचा अर्थ पाणी वरून आत येते आहे. समोरच्या काचेखाली, वायपरच्या जवळ जी जाळी आहे तिच्याखाली एक पन्हळ असते आणि तिचे पाणी बाजूंनी खाली जाण्याची सोय केलेली असते. आपल्याकडे आंब्याचा मोहर, सुरूच्या काड्या आणि धूळ यांचा तिथे लगदा होतो, वाट बुजते आणि साचलेले पाणी आतल्या बाजूने थेट पायाखाली उतरते. काचेचे रबर आकसले असेल, दारांच्या आतले प्लास्टिकचे कागद फाटले असतील किंवा वायरी जिथून आत येतात तिथली रबरी बुचे कडक होऊन तडकली असतील, तरीही हेच होते. एका माणसाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून तांब्याने, एका वेळी एकाच जागी, सावकाश पाणी ओतावे. होजपाइपचा जोराचा फवारा मारू नये, कारण त्यात पाणी सगळीकडून आत शिरते आणि मूळ वाट सापडत नाही. ही गळती बंद झाल्याशिवाय पत्र्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आता मिठाविषयी. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराईडबरोबर मॅग्नेशियम क्लोराईडही असते. पहिले साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, तर दुसरे ३३ टक्क्यांच्या आसपासच. किनाऱ्यावरची हवा त्याहून कोरडी क्वचितच होते, त्यामुळे पत्र्यावर बसलेला मिठाचा थर वरून कोरडा दिसला तरी आत ओलसर राहतो आणि ऐन हिवाळ्यातही गंज चालूच असतो. मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत शिरून बसते आणि त्यावर कितीही महाग रंग लावला तरी काही महिन्यांत फोड येतात. म्हणून आपल्या भागात पहिले औजार म्हणजे गोडे पाणी. विहीर खाडीजवळ असेल तर पाणी मचूळ नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. सीट, चटया, फेल्ट पूर्ण बाहेर काढावे. फेल्ट वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. त्यात मीठ मुरलेले असते. सुटा गंज पत्रीने खरवडून, ड्रिलला तारेचा ब्रश लावून आणि शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. पत्रा हातोडीने हलके ठोकत जावा. खणखणीत आवाज येतो तिथे तो शाबूत आहे आणि बद्द आवाज येतो तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. नंतर गोड्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवावे, आणि हे एकदा करून भागत नाही. खड्ड्यांतील मीठ निघेपर्यंत घासणे आणि धुणे आलटून पालटून करावे लागते. खड्ड्यांच्या तळाशी जो काळसर गंज चिकटून राहतो तेवढ्यापुरते फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावावे. सुट्या खपल्यांवर ते लावल्यास खपलीच्या वरच्या भागावर काम करते, खालचा गंज तसाच राहतो. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावावा, प्रायमर लावून झाल्यावर जोडांवर सीम सीलर भरावा आणि शेवटी रंग द्यावा. नुसता रेड ऑक्साईड आपल्या हवेत पुरत नाही, कारण त्यातून ओल आत जाते. पुट्टीही पाणी शोषते, त्यामुळे तळाला पुट्टीचे काहीही काम नाही. प्रायमरसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीतील दुपारची वेळ निवडावी. सकाळी पत्र्यावर न दिसणारे दव असते.

गॅरेजचा रिव्हेटचा उपाय मी नाकारीन. एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी धरले जाते आणि रिव्हेटसाठी पाडलेले प्रत्येक भोक ही गंजाची नवी जागा ठरते. गंजलेल्या तळावर रबर कोटिंग करणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुन्याचा हात देणे आहे. ते कोटिंग वाईट नाही, पण त्याची जागा शेवटी, निरोगी रंगावर आहे, आणि त्याने तळाची निचऱ्याची भोके बुजता कामा नयेत. फायबरबद्दल आपल्या परिचितांचा अनुभव होडीपुरता खरा आहे, कारण होडी संपूर्ण फायबरची असते. होडीचे पॉलिस्टर रेझीन पोलादाला नीट धरत नाही. गाडी हादरते, ऊन-पावसात पत्रा आणि फायबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, कड सुटते आणि तिथून पाणी शिरते. वरून तळ टणक वाटत राहतो आणि खाली पत्रा संपलेला असतो. सीटचे बोल्ट अशा जागी असतील तर ते धोकादायक आहे.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. आपल्या अंगणातली माती जॅकखाली दबते, म्हणून जाड फळी घालून गाडी उचलावी आणि मजबूत स्टँडवर टेकवल्याशिवाय आत हातसुद्धा घालू नये. ग्राइंडर चालवताना चष्मा आणि मास्क वापरावा.

बंदरवाट (देवगड)

चिरा यांचे म्हणणे पटते. मात्र आमच्याकडे मासळी वाहणाऱ्या गाड्यांना पावसाळ्यापूर्वी खालून जळक्या ऑइलचा फवारा मारण्याची पद्धत आहे, आणि त्या गाड्यांतून बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकत असूनही त्यांचे तळ टिकलेले मी पाहिले आहेत. एवढा सोपा आणि स्वस्त उपाय असताना इपॉक्सी, सीलर यांचा खर्च सामान्य माणसाने का करावा, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

वाशिष्ठी (चिपळूण)

बंदरवाट, आपले निरीक्षण चुकीचे नाही. तेल सांध्यांत झिरपते आणि पाण्याला अटकाव करते, म्हणून ते तळ टिकतात. आक्षेप आहे तो जळक्या ऑइलला. त्यात ज्वलनातून आलेली आम्ले आणि धातूंचा कीस असतो, ते सस्पेन्शनच्या रबरी बुशांना फुगवते, सायलेन्सरवर पडल्यास धूर होतो, आणि अंगणात ठिबकलेले ऑइल पहिल्या पावसाबरोबर विहिरीच्या दिशेने जाते. कोकणात घर आणि विहीर यांत अंतर ते कितीसे असते! तेच काम करणारे पोकळीत फवारायचे मेण आणि लोकरीतून निघणारे लॅनोलिन बाजारात मिळते. ते लांब नळीने उंबऱ्यांच्या आत, दारांच्या तळाशी आणि आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत मारता येते. मे महिन्यात एकदा आणि पावसानंतर धुऊन-वाळवून एकदा असे वर्षातून दोन वेळा केले तर इपॉक्सी केलेला तळही दीर्घकाळ टिकेल. चिरा यांनी बाहेरच्या बाजूचे सांगितले. माझ्या मते पोकळीची आतली बाजू अधिक महत्त्वाची आहे, कारण तिथे ब्रश पोहोचत नाही.

२२ जुलै २०२१च्या महापुरानंतर आमच्या शहरात बुडालेल्या अनेक गाड्या उघडल्या गेल्या. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीच्या उंबऱ्यात गाळ घट्ट बसलेला असे आणि निचऱ्याची भोके त्यानेच बंद झालेली असत. म्हणून खाडीकाठ यांनी जुन्या बाजारातून दार किंवा तळाचा कापलेला भाग घेण्याचा विचार केला, तर आधी त्याच्या पोकळीत तार घालून काय निघते ते पाहावे.

एक गोष्ट प्रश्नात नाही, पण ती मला तळापेक्षा तातडीची वाटते. जी हवा तळाचा पत्रा खाते तीच ब्रेकच्या पोलादी नळ्याही खाते, आणि त्या याच तळाखालून मागे जातात. नळी जिथे क्लिपमध्ये बसते तिथे माती आणि मीठ साचते. क्लिप उघडून नळीवर नखाने खपली निघते का, हे पाहावे. खपली निघत असेल तर नळी बदलावी आणि तुकडा जोडून भागवू नये. कॉपर-निकेलची नळी गंजत नाही, मात्र तिचे टोक दुहेरी दुमडून तयार करावे लागते आणि त्यासाठीचे औजार व सराव नसेल तर ते काम ब्रेकच्या कारागिराकडेच द्यावे.

त्याच वेळी ब्रेक ऑइल बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १४० अंश आहे. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले तर मागच्या ड्रमपेक्षा पुढच्या डिस्कपाशी ऑइल जास्त तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल अचानक पोकळ लागते. दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे हा किमान नियम समजावा. हे काम घरी, दोन माणसांत, व्यवस्थित होते.

खाडीकाठ (गुहागर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी केली आणि माहिती देत आहे.

काचेखालच्या पन्हळीची डावी वाट मोकळी आहे, उजवी सुरूच्या काड्यांनी पूर्ण बंद होती. ती साफ केल्यावर वरून ओतलेले पाणी आत येणे थांबले. चालकाच्या टाचेखाली, सपाट भागात तळहाताहून थोडे मोठे भोक आहे. त्याच्या भोवतीचा पत्रा टणक आहे आणि सीटचे बोल्ट त्यापासून दूर आहेत. उजवा उंबरा मात्र मागच्या चाकाच्या बाजूला, जॅक लावण्याच्या जागी, टोचल्यावर आत गेला. ब्रेकची एक नळी क्लिपखाली खपली धरलेली सापडली, त्यामुळे ती बदलेपर्यंत गाडी बाहेर काढणे बंद केले आहे.

तळाच्या भोकाचे काम गेट-ग्रिल करणाऱ्या स्थानिक कारागिराकडून करून घेता येईल का, आणि उंबऱ्याचे काय करावे?

जांभ्याचा चिरा (रत्नागिरी)

गाडी थांबवलीत, हे योग्य केले.

गेट-ग्रिलचे कारागीर रॉडच्या वेल्डिंगमध्ये तरबेज असतात, पण त्यांचे लोखंड जाड असते. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, रॉडने तो जळून भोक वाढत जाते. सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साईड वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारे) करणारा डेंटरच शोधावा. आपल्याकडे करता येण्यासारखा भाग तरीही मोठा आहे. आतील सामान काढणे, गंज घासणे, पुठ्ठ्याचा नमुना कापणे आणि वेल्डिंगनंतरचे प्रायमर, सीलर, रंग हे सारे आपण करावे आणि कारागिराला फक्त कापणे व जोडणे द्यावे. वेळ खाणारी मजुरी बहुतेक या पूर्वतयारीचीच असते आणि ती घाईत उरकली जाते म्हणून काम टिकत नाही.

भोकाभोवतीचा पत्रा शाबूत भाग लागेपर्यंत कापावा. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही. तुकडा ०.९ ते १ मिलिमीटर जाडीच्या सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा घ्यावा आणि त्याचे कोपरे गोल ठेवावेत. छपरासाठीचा जस्ताचा पत्रा वापरू नये, कारण त्यावर वेल्डिंग केल्यास जस्ताच्या धुराने ताप येतो आणि जोडही कमकुवत होतो. सलग रेघ ओढण्याऐवजी समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून टाके मारायला सांगावे, म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही.

आगीची काळजी घेण्यात हयगय नको. पेट्रोलची नळी या तळाखालून जाते. ती आणि ब्रेकची नळी कामाच्या जागेपासून सोडवून बाजूला घ्यावी, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवावी. रिकाम्या टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा धोकादायक असते. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि आल्टरनेटरचा जोड सोडावा. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी असावी, आणि काम संपल्यावर तासभर तरी कोणीतरी गाडीजवळ थांबावे, कारण फेल्टचा उरलेला तुकडा आत धुमसत राहू शकतो.

उंबऱ्याचे काम माझ्या पहिल्या उत्तराप्रमाणे घरच्या कक्षेबाहेरचे आहे. तिथे बाहेरचा पत्रा कापल्यावर आतला थर किती शिल्लक आहे हे दिसते, आणि तो कापत असताना दाराची चौकट हलू नये म्हणून आतून आधार देऊन गाडी सपाट जमिनीवर चारही बाजूंनी सारखी टेकवावी लागते. कारागिराला एकच सांगावे की आतला थर उघडून दाखवल्याशिवाय वरून पत्रा चढवू नये. बंद झाल्यावर त्या पोकळीत वाशिष्ठी यांनी सुचवलेले मेण भरावे. तो उंबरा पूर्ण होईपर्यंत त्या जागी जॅक लावू नये.

सुरंगी (वेंगुर्ले)

मी वाहनांच्या वायरिंगचे आणि कार्ब्युरेटरचे काम करते, म्हणून उरलेल्या दोन प्रश्नांवर लिहिते.

आता पंपांवर सर्रास मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते आणि या मिश्रणाला साधारण १३.५ पट. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. आपल्या कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक भोकाचे असल्यामुळे तो ते करू शकत नाही आणि मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. उचल घेताना अडखळणे हे त्याचेच लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. तरी आधी फिल्टर बदलावा, कारण इथेनॉल टाकीतील जुना गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. प्रवेगक पंपाचा (उचल घेताना जादा पेट्रोल ढकलणाऱ्या कार्ब्युरेटरमधील पंपाचा) डायाफ्राम फाटलेला नाही ना, हे पाहावे. मग प्लग काढून त्यांचा रंग तपासावा. चिनीमाती पांढरीफटक दिसली तर मिश्रण पातळ आहे, फिकट तपकिरी असेल तर ठीक आहे. पातळ असेल तर आयडलचा स्क्रू जुळवून आणि मुख्य जेट एक नंबर वरचा बसवून बहुधा काम भागते. ड्रिलने जेटचे भोक वाढवू नये.

रबरी भागांकडे अधिक काळजीने पाहावे. १९९७च्या गाडीच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायाफ्राम या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. ते आधी फुगतात, नंतर कडक होऊन तडकतात. इंजिनाच्या तापलेल्या भागावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. आतून फ्लुओरोइलास्टोमरचे अस्तर असलेली इंधन-नळी मागून घ्यावी आणि क्लिपाही नव्या बसवाव्यात. इथेनॉल ओलावा शोषत असल्यामुळे पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल काढून टाकावे.

हेडलाईटसाठी जास्त वॅटचे बल्ब बसवू नयेत. १०० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टला जवळजवळ १७ अँपिअर ओढतात आणि जुन्या गाडीत तो भार स्टिअरिंगजवळच्या स्विचवर आला तर स्विच वितळतो. किनाऱ्यावर बल्ब क्वचितच दोषी असतो. अर्थिंग गंजलेले असते. इंजिन चालू ठेवून हेडलाईट लावावे, मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बल्बच्या अर्थच्या तारेला लावावे. ०.२ व्होल्टहून जास्त दिसले तर तेवढा दाब गंजातच वाया जातो आहे. जिथे अर्थची तार बॉडीला बोल्टने जोडलेली असते तिथला रंग व गंज घासून, नवी कडी दाबून बसवून, घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. धन बाजूलाही असेच मोजावे. तिथे फरक मोठा असेल तर फ्यूजसह रिले बसवून बॅटरीवरून जाड तार घ्यावी आणि जुना स्विच फक्त रिले चालवण्यापुरता ठेवावा. ६०/५५ वॅटचे मूळ एच-४ बल्ब पूर्ण दाबाने पेटले, परावर्तक काळवंडलेला नसला, तर आंबोलीच्या धुक्याबाहेरच्या कोणत्याही घाटाला तो प्रकाश पुरतो. धुक्यात जास्त वॅटने उलट डोळे दिपतात.

गाडी गोठ्यालगतच्या मांगरात ठेवत असाल तर जागा बदलावी. गोमूत्रातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेच्या जोडांना खातो, आणि वायरी कुरतडणाऱ्या उंदरांचा उपद्रवही तिथे अधिक असतो.

सह्यपायथा (सावंतवाडी)

दुरुस्ती आणि बदल यांतली कायद्याची रेषा या चर्चेत यायला हवी, म्हणून थोडक्यात लिहितो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम केली. विनापरवाना बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. खाडीकाठ करत आहेत ती कामे, म्हणजे त्याच आकाराचा पत्रा जोडणे, ब्रेकची नळी, इंधनाची नळी, मूळ वॅटच्या बल्बला रिले, ही दुरुस्तीत मोडतात. रंग बदलायचा असेल तर मात्र प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घ्यावी लागते, म्हणून मूळ रंगच देणे सोयीचे. इंजिन बदलण्याचा विचार कधी झालाच तर परवानगी आधी घ्यावी, नंतर नव्हे. अपघाताच्या वेळी विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून वाढलेले आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. रत्नागिरी कार्यालयात वेळ घेण्यापूर्वी चालू दर संकेतस्थळावर पाहावा. उंबऱ्याचे काम सुरू असताना आधीचे, उघडल्यानंतरचे आणि जोडल्यानंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत व वेल्डिंगचे बिल घ्यावे. तपासणीस अधिकाऱ्याला तळाला नवे वेल्डिंग दिसले तर तो विचारणारच, आणि तेव्हा हे कागद उपयोगी पडतात.

एक सूचना रंगाचे काम सुरू करण्यापूर्वीच अमलात आणावी. तपासणीत चॅसिस क्रमांकाची पेन्सिल प्रिंट घेतली जाते. तो क्रमांक कोरलेल्या जागी प्रायमरचा किंवा रबर कोटिंगचा जाड थर बसला तर अक्षरे उमटत नाहीत, आणि ग्राइंडरने घासल्यास ती कायमची जातात. ती जागा चिकटपट्टीने झाकून ठेवावी आणि काम संपल्यावर तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा.